गाल फुगवणारे काका

मी युफोनियम बोलतोय. नाव ऐकून गांगरू नका. बँडमध्ये पोटाशी धरलेलं, जाड्या आवाजाचं जे पितळी धूड दिसतं ना, तोच मी. टाळ्या मिळतात पुढच्या ट्रंपेटला. आम्ही आपले मागच्या रांगेत.

एका कारागिराने मला ठोकून ठोकून वळण लावलं आणि दुकानातून एका वादकाने उचललं. बँडमध्ये त्यांना सगळे काका म्हणत. बावीस वर्षं आमचं छान जमलं. मग एकदा बँडच्या ट्रकमधून उतरताना काका तोंडावर आपटले आणि पुढचे चार दात गेले. कवळी बसवली, पण कवळीने फार तर जेवता येतं. फुंकलं की ती सटकायची.

बँडमास्तर पक्का व्यवहारी. म्हणाला, "काका, दहा माणसं ठरलीत, दहा दिसली पाहिजेत. गणवेश घाला, गाल फुगवा. फक्त फुंकू नका."

काकांना कुठलं राहवतंय! पुढच्याच मिरवणुकीत त्यांनी फुंकलं आणि रेडा रेकावा तसा आवाज माझ्यातून निघाला. रस्ताभर लोक हसले. त्याच दिवशी मास्तरने माझ्या घशात खोलवर चिंधी कोंबली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. काकांनी ती कधी काढली नाही, की घरी कुणाला सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

काकांच्या मुलीच्या लग्नात आमचाच बँड होता आणि काकाही गणवेशात, गाल फुगवून रांगेत. तिने पाहुण्यांदेखत कौतुकाने विचारलं, "बाबा, एवढ्या गलक्यात तुमचा आवाज कुठला होता हो?"

"तो जाडा, खालचा. ऐकलास ना? तोच."

तो शेजारच्या वादकाचा होता. तो बिचारा मान खाली घालून पाणी पीत राहिला.

काका गेले. आता मी मुलीच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर असतो. ती मला बाहेरून पुसून लख्ख ठेवते. आत कोण बघतंय! लग्नाचा व्हिडिओ लावते आणि तो जाडा आवाज आला की डोळे पुसते.

परवा तिच्या मैत्रिणीने मला खाली काढलं. "वाजवून बघू का गं?"

"नको, नको!" हिने मला हिसकावून घेतलं. "त्यात माझ्या बाबांचा शेवटचा श्वास आहे."

पोरी, तुझ्या बाबांच्या त्या शेवटच्या श्वासाला अख्खा रस्ता हसला होता. त्यानंतर माझ्यात फक्त चिंधी आहे. घाल हात, ओढून काढ ती. तुला रडू येईल, येऊ दे. मग तुझ्या मैत्रिणीला वाजवू दे, वेडंवाकडं, कसंही.