खंडेनवमीचं पाणी

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत, दरवाजामागच्या खुंटीला टांगलेली मी एक जुनी लाकडी टेनिस रॅकेट आहे. नीट पाहिलंत तर माझं तोंड जरा वाकडं दिसेल. येणारेजाणारे हसतात, हसू देत. एके काळी याच तोंडाने मी भल्याभल्यांचे चेंडू परतवले आहेत. पण आज मी बढाया मारायला बसलेली नाही. एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे, ती तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म सियालकोटचा. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, सरसाने एकमेकींना चिकटवल्या आणि माझी चौकट तयार झाली. फाळणीच्या आधीच मी मुंबईला आले आणि धोबी तलावाच्या एका दुकानात बरीच वर्षं काचेआड बसून राहिले. तिथून मला हेमचंद्राने उचललं. हेमचंद्र प्रभादेवीच्या जुन्या पाठारे प्रभू घरातला. मनाने मोठा, पण जिभेला लगाम नाही. त्याला जिमखान्यावर दुहेरीचा जोडीदार मिळाला, तो दौलत. दौलतजवळ स्वतःची रॅकेट नव्हती. 'घे रे, आजपासून ही तुझी,' म्हणून हेमचंद्राने मला त्याच्या हातात दिलं आणि मी प्रभादेवीहून लालबागला आले.

दौलतचे वडील गणपत गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. दौलत लहानपणी जिमखान्यावर चेंडू वेचता वेचता खेळ शिकला आणि पुढे त्याच गिरणीच्या कचेरीत लागला. तो जाळीजवळ उभा राहायचा, हेमचंद्र मागे. चेंडू दोघांच्या मधून आला की मागून 'तुझा!' असा आवाज यायचा आणि दौलत मला पुढे करायचाच. एकेरीत माणूस आपल्यापुरता हरतो. दुहेरीत आपल्या चुकीचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर पडतं, म्हणून दौलत फार जपून खेळायचा. तो तसा कशातच बेफिकीर नव्हता. एकदाच तो गाफील राहिला, आणि तेही घरात.

त्याचं असं झालं. माझ्या जाळीत मेंढीच्या आतड्याची तात ओवलेली होती. खेळाडू तिला 'गट' म्हणतात. चेंडू तिच्यावर कसा अलगद बसतो! पण तिची एक खोड आहे. तिला पाणी सोसत नाही. ओली झाली की फुगते, तिचे पदर सुटतात आणि ती तुटते.

दौलतची आई जाईबाई मूळची कोकणातली. घरात एरवी मासळी शिजायची, पण नवरात्रात घट बसला की दहा दिवस नाव काढायचं नाही. त्या वर्षी तिने मला स्वतःच उचलून घटाशेजारच्या फळीवर ठेवलं.

"पोराचां हत्यार. देवीजवळ ऱ्हवांदे," ती म्हणाली. मग जाळीवर बोट फिरवून तिने विचारलं, "दौल्या, ह्यो दोरो कसलो रे?"

दौलतची पंचाईत झाली. आतड्याचा म्हणावं, तर आई घाबरून सगळं घर धुऊन काढणार. तो म्हणाला, "रेशमाचा गो, आये."

एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडतंय, असं त्याला वाटलं असेल. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. घटाशेजारी, निरांजनाच्या उजेडात मी ऐटीत बसले होते.

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते. त्या संध्याकाळी परळला संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. चाळीतले सगळे पुरुष घोषणा देत तिकडे गेले होते, दौलतही गेला होता. इकडे जाईबाईने गणपतचा मागावरचा धोटा, कातर, घरातली विळी सगळं पाटावर मांडलं आणि मला मधोमध ठेवलं. रेशीम म्हटल्यावर धुवायला कसली हरकत? तिने तांब्याभर पाणी घालून मला स्वच्छ आंघोळ घातली. एकेका तारेला ओलं हळदकुंकू लावलं. "माझ्या झिलाक यश दी गो, बाये," असं देवीला सांगून तिने मला नमस्कार केला. तिचा हात प्रेमाचा होता, म्हणून मला जास्तच धस्स झालं. मी ओरडू शकत असते तर ओरडले असते.

दौलत परतला आणि मला पाहून त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, अंतिम सामना होता. जी जोडी जिंकेल ती दिल्लीला राष्ट्रीय स्पर्धेत जायची होती. त्याने मला फडक्याने पुसलं, पंख्याने वारा घातला. आई म्हणाली, "रेशीम काय, आत्ता सुकात." तो वारा घालतच राहिला.

सामना शेवटच्या सेटपर्यंत गेला. 'तुझा!' असा हेमचंद्राचा आवाज आला, दौलतने मला पुढे केलं आणि माझ्या मधल्या दोन तारा एकदम तुटल्या. चेंडू जाळीत गेला. दौलतने कुणाची तरी रॅकेट मागून घेतली, पण तिच्याशी त्याच्या हाताची ओळखच नव्हती. ते हरले.

संध्याकाळी हेमचंद्र सोनं द्यायला चाळीत आला. जाईबाईचे डोळे सुजले होते.

"माझ्या पूजेत काय चुकलां रे?" तिने विचारलं.

"पूजेत नाही हो, जाईकाकू," उचलली जीभ लावली टाळ्याला, हेमचंद्र बोलून गेला. "आतड्याच्या तातेला पाणी लागल्यावर ती तुटणारच."

जाईबाई दौलतकडे वळली.

"आतड्याचां? घटाच्या बाजूक? आणि माका सांगलंस रेशीम?"

"आये, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"आता बरां वाटता मां माका?"

त्यानंतर दोन वर्षं तिने माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही. दौलतने मला पुन्हा गट भरून घेतली. पुढच्या वर्षी दोघं अजिंक्य ठरले, चाळीने ढोल वाजवून मिरवणूक काढली. तेव्हा जाईबाई दाराआड उभी होती. "माझो हात लागाक नको," एवढंच ती शेजारणीला म्हणाली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिने धोटा पुजला, विळी पुजली, मला मात्र पाटावर घेतलं नाही. तेव्हा मित्रांनो, हातात चषक असूनही दौलत चोरासारखा वावरत होता. आणि माझी अवस्था काय सांगू? माझ्याच अंगावरच्या तारांनी ही माउली घायाळ झाली होती.

त्यापुढच्या नवरात्रात दौलतने माझी गट काढून टाकली आणि नायलॉन भरलं. हेमचंद्र वैतागला. "अरे, नायलॉनवर चेंडू असा अलगद बसणार आहे का?"

"नाही बसला तर नाही बसला," दौलत म्हणाला.

खंडेनवमीला त्याने मला स्वतःच्या हाताने पाटावर ठेवलं. "आये, धू हिला. आता पाण्याने काही होत नाही. नायलॉन आहे."

जाईबाईने तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. मुलाच्या डोळ्यांत पाहत तिने विचारलं, "ह्या तरी खरां मां?"

दौलतने तांब्या घेतला आणि सगळं पाणी माझ्यावर ओतलं, आणखी मागून घेतलं, तेही ओतलं. तारांना काही झालं नाही. मग कुठे जाईबाईने हळदीत बोट बुडवलं.

पण मित्रांनो, तारा नायलॉनच्या होत्या, मी लाकडाचीच होते. सरस सुटला, पट्ट्या फुगल्या, माझी चौकट वाकली. लाकूड भिजलं की वाकतं, हे दौलतला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्याने ओतलं, आणि मला त्याचा राग आला नाही. त्या हिवाळ्यात तो जिमखान्याच्या दुसऱ्या रॅकेटने खेळला आणि पुन्हा अजिंक्य ठरला. पुढच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. चाळभर दिवे लागले, तेव्हा दौलतने मला या खुंटीला टांगलं.

आता दरवर्षी जाईबाई हौसेने मला तांब्याभर पाण्याने आंघोळ घालते आणि दरवर्षी मी आणखी थोडी वाकते. मित्रांनो, तुमच्या रॅकेटला पाण्यापासून जपा, खेळून झाल्यावर तिला कोरडी ठेवा. आणि घरच्या माणसाला खरं काय ते पहिल्याच वेळी सांगा, कारण पुढे ते सांगायला जागाच उरत नाही. या खंडेनवमीलाही जाईबाईने मला पुसता पुसता विचारलं, "दौल्या, ही अशी वाकडी कशान झाली रे?"

"खेळून खेळून, आये," दौलत म्हणाला, आणि त्याने माझ्यावरची नजर काढून घेतली.