हळदीआडचा रंग

“बाळाला रोज दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन बघा. आणि इतक्यात हळद लावू नका हं,” दवाखान्यातून घरी निघताना नर्सबाईंनी शाल्मलीला बजावलं होतं. शाल्मलीने “हो, हो” म्हटलं, पण ते तिने मनावर घेतलं नाही. डास, एसीचा गारवा, लिफ्टमध्ये शिंकणारी माणसं, गळ्याशी येणारं दुपटं... तिच्याकडे काळज्यांची काही कमी नव्हती. त्यात हळदीची काळजी कुठे करत बसायची? हळद तर चांगलीच असते!

मित्रांनो, ती सूचना अशी बाजूला सारली गेली, म्हणून शाल्मलीची न् माझी गाठ पडली. मी आहे एक जुना कावीळमापक. साबणाच्या डबीएवढं माझं पांढरं अंग आणि एका टोकाला काचेचा डोळा. तान्ह्या बाळाच्या छातीवर तो डोळा टेकवून बटण दाबलं, की मी प्रकाशाचा लहानसा झोत टाकतो. परत येणाऱ्या प्रकाशावरून मला समजतं, कातडीखाली पिवळेपणा किती साचला आहे. सुई नाही, टोचणं नाही. थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होते आणि आपोआप जाते. पण ती फार वाढली आणि कुणाच्या लक्षातच आली नाही, तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ते होऊ नये, एवढंच माझं काम.

माझा जन्म बेंगळुरूतल्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतला. तिथे एका बोळात विश्वेश्वरअण्णांचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. त्यांची पुतणी स्मृती ही संशोधन करणारी इंजिनियर. बसवनगुडीतलं त्यांचं मराठी घराणं इतकं जुनं, की त्यांच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते ते त्यांनाही सांगता येत नाही. परदेशी यंत्रं लहान दवाखान्यांना परवडत नाहीत, आणि आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ बाळांवर ती नेमकी चालतील याची खात्री कुणी द्यायची, असं स्मृतीला वाटे. म्हणून ती माझं चित्र घेऊन काकांकडे आली.

“पंप सोडून आता खेळणी बनवू म्हणतेस?” अण्णांनी विचारलं.

“खेळणं नाही अण्णा. बाळांसाठी आहे.”

“बाळांसाठी असतं त्यालाच खेळणं म्हणतात गे!”

असं म्हणाले खरे, पण माझी कड बाळाला बोचू नये म्हणून त्यांनी कितीदा तरी साचा बदलला. दर वेळी ते मला स्वतःच्या गालावर घासून बघत आणि म्हणत, “सरी नाही, ठीक नाही अजून. स्वल्प थांब.”

पहिल्याच परीक्षेत मी नापास झालो. एका सरकारी इस्पितळात एका बाळाच्या छातीवर मला ठेवलं आणि मी धोक्याचा लालेलाल दिवा लावला. आईबाप घाबरले. रक्त तपासलं, तर बाळ ठणठणीत! आजीने नुकतीच त्याला साय-हळद चोळली होती. स्मृती तोंड पाडून कारखान्यात परतली, आणि अण्णा मात्र पोट धरून हसले.

“सगळं शिकवलंस तुझ्या यंत्राला. हळद नाही शिकवलीस!”

झालं. दुसऱ्या दिवसापासून स्मृतीने स्वतःच्या हाताला हळद चोळायला सुरुवात केली. कधी सायीतून, कधी तेलातून, कधी बेसनातून. प्रत्येक घरची रीत वेगळी, ती तिने आज्यांना विचारून घेतली. कारखान्यातल्या सावळ्या, गोऱ्या, काळ्या सगळ्या हातांवर पिवळे पट्टे उमटले. मेट्रोत अनोळखी बायका स्मृतीला विचारू लागल्या, लग्न कधी? तिची आई तर एकदा वैतागून म्हणाली, “हळद लागलीच आहे, तर मुलगा तरी बघू का?”

त्या पिवळ्या हातांवर मी शिकलो. वर बसलेली हळद प्रकाश एका तऱ्हेने परतवते आणि कातडीखालची कावीळ दुसऱ्या तऱ्हेने. तेव्हापासून हळद दिसली की मी निळा दिवा लावतो. म्हणजे, पुसा आणि पुन्हा बघा.

मग माझं कौतुक झालं. मोठ्या सभागृहात स्मृतीला शाल मिळाली. आपल्या शहरातल्या माणसांनी आपल्या बाळांसाठी केलेलं संशोधन, असं सगळे म्हणाले. तिथून मी कौसल्याअक्काच्या पिशवीत आलो. अक्का घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघणारी नर्स. तिच्या स्कूटरवर मी अर्धं बेंगळुरू पाहिलं. पुढे माझी धाकटी भावंडं आली. ती मोबाइलशी बोलायची, आकडे थेट डॉक्टरांना पाठवायची. माझी रवानगी कपाटात झाली. तिथे माझ्या डोळ्यावर धूळ बसली. वाईट वाटायचं, नाही कसं म्हणू?

गेल्या वर्षी एका सकाळी कपाट उघडलं. अक्काचं नवं यंत्र बिघडलं होतं. “चल रे म्हाताऱ्या,” म्हणत तिने माझा डोळा पुसला, नवी बॅटरी घातली, दवाखान्यात मला नीट तपासून घेतलं आणि सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीत नेलं.

तिथे शाल्मली राहायची. नागपूरची, नोकरीसाठी इकडे आलेली. बाळ आठवड्याचंही झालं नव्हतं. बाळंतपणासाठी तिची आई सुनंदाताई आली होती. ‘बाळ झोपलंय, नंतर या’ असं सांगून शाल्मलीने अक्काची भेट आधी पुढे ढकललेली. आताही ती दारातच कुजबुजली.

“आत्ताच झोपलाय हो. सगळं ठीक आहे. आधी किती रडायचा! कालपासून आवाजसुद्धा नाही. इतका शहाणा झालाय!”

“दूध पितो?”

“थोडंसं. पिता पिताच झोपतो.”

अक्काच्या कपाळाला आठी पडली. “सरी. मी स्वल्प बघून जाते. चपला कुठे काढू?”

खोलीचे पडदे ओढलेले होते. बाळाच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून शाल्मलीने मुद्दाम मंद पिवळा दिवा आणला होता. त्या उजेडात आई, आजी, भिंत, दुपटं, सगळंच पिवळं. अक्काने बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. बाळाने डोळे जेमतेम किलकिले केले.

“पिवळा दिसतो,” अक्का म्हणाली.

“अवो, हळदीचा आहे तो!” सुनंदाताई हसल्या. “आमच्याकडे सारी पोरं हळदीवरच वाढली. ही शाल्मलीच पाहा न, कशी दिसते?”

“चंद्रासारखी दिसते, मावशी. आता तिच्या चंद्राला बघू द्या.”

अक्काने मला बाळाच्या छातीवर टेकवलं. माझा निळा दिवा लागला.

“पाहा! यंत्रालाही कळलं, हळद आहे म्हणून!”

“वर हळद आहे, एवढंच म्हणतोय तो. खाली काय आहे ते त्याला अजून दिसलेलं नाही.”

अक्काने कोमट पाण्यात कापूस बुडवून छाती हलकेच पुसली आणि पडदा सर्रकन बाजूला केला. पुन्हा निळा. सुनंदाताईंची हळद अस्सल होती! अक्काने पुन्हा पुसलं. या वेळी निळा दिवा लागला नाही. लागला तो लाल.

उन्हात बाळाचं अंग आता सगळ्यांनाच दिसत होतं. शाल्मलीने त्याच्या पायांवरचं दुपटं सोडलं.

“आई,” तिचा आवाज बारीक झाला, “तळव्यांना हळद लावली होतीस?”

“तळव्यांना कोण लावतं?” सुनंदाताई म्हणाल्या, आणि त्यांनी वाकून बघितलं. इवलेसे तळवे लिंबासारखे पिवळे होते.

“आत्ताच्या आत्ता निघायचं,” अक्का म्हणाली. आतल्या खोलीत मीटिंगमध्ये बसलेला शाल्मलीचा नवरा शंतनु लॅपटॉप उघडाच टाकून धावला. इस्पितळात रक्त तपासलं. माझं म्हणणं खरं होतं. बाळाला लगेच कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांखाली ठेवलं.

“माझ्याच हातानं झालं,” सुनंदाताई पदराने डोळे पुसत राहिल्या.

“हळदीने कावीळ होत नाही, मावशी. नुसती झाकली जाते. आता दिसली न? मग झालं तर.”

 काचेला नाक लावून शाल्मली बाळाच्या छातीचं वरखाली होणं बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काचेपलीकडून एक आवाज आला. भोंग्यासारखा, रागीट, भुकेला. शंतनु धावत आला. “काय झालं? काय झालं?”

“रडतोय!” शाल्मली हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “ऐक ना, कसा रडतोय!”

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पुढच्या साऱ्या तपासण्या नीट निघाल्या. बारशाला बाळाचं नाव वेदांत ठेवलं. सुनंदाताईंनी मलाही पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं, अक्काने गमतीने बटण दाबलं, आणि माझा निळा दिवा लागला. सगळे कितीतरी वेळ हसत होते.

हल्ली मी पुन्हा कामावर असतो. मधूनमधून अक्का मला शाळांत घेऊन जाते. तिथे मी मुलांना एवढंच सांगतो, यंत्र जुनं झालं म्हणून अडगळीत टाकू नका. त्याचा डोळा पुसत जा, त्याची तपासणी करून घेत जा. आणि आपल्या गावात कुणी आपल्या माणसांसाठी काही शोधत असेल, तर त्याला हसू नका, हात पुढे करा.

शाल्मलीही कधी कधी सोबत येते. वेदांत तिच्या कडेवरून माझ्याकडे झेपावत असतो. तिचं सांगणं माझ्यापेक्षा छोटं आहे.

“मुलांनो, तुमच्या शेजारी नुकतं बाळ आलंय का? मग आज उजेड आहे तोवर आईला नाहीतर आजीला घेऊन तिथे जा. बाळाला खिडकीपाशी आणायला सांगा. दूध नीट पितंय का, विचारा. त्याची आई दारातूनच म्हणेल, सगळं ठीक आहे. तरी आत जा, आणि बघून या.”