पेटली की पेटवली

ढेकळं फोडायला घेतली की लांबोड्याचं तोंड बंद आणि त्याच्या बायकोचं चालू, अशी त्या घरातली कामाची वाटणी. त्या सकाळी ती जे बोलली ते आमच्या बांधापर्यंत ऐकू आलं.

"रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर 'आम्ही पाप केलं' म्हणता. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणता."

"मग म्हणायचं असतंच की."

"त्या 'आम्ही'त तुम्ही किती आणि बाकीचे किती, तेवढं सांगा मला."

लांबोड्यानं कुदळ टेकवली. उन्हानं माती विटेसारखी झाली होती. "दमलो गं," तो म्हणाला. "ढेकळांनी नाही."

"ठाऊक आहे. मीही गप्प बसले, ते माझं मी बघते. तुमचं तुम्ही बघा."

गोष्ट एवढीच, की उन्हाळ्यात लांबोड्याच्या थोरल्या वहिनीची चाऱ्याची गंजी जळाली. नवरा आधीच गेलेला, त्यात चारा गेला, म्हणून तिनं बैलजोडी विकली. त्या दुपारी मेंढक्या गंजीच्या सावलीत विडी ओढत बसला होता, तेवढं गावाला पुरलं. तेव्हापासून त्याच्या मेंढरांना विहीर बंद. तो त्यांना लांब ओढ्यावर नेतो. खरं तर लांबोड्यानं बांधाचं गवत पेटवलं होतं, वारा सुटलेला असताना, बायको नको म्हणत असताना.

दुपारी तो पाळकांकडे गेला. पाळक चर्चच्या ओट्यावर सायकलची ट्यूब चिकटवत बसले होते. (पुढचं लांबोड्यानंच नंतर आम्हाला सांगितलं.)

"पाळकसाहेब, वहिनीची गंजी पेटली ना, ती माझ्या हातून पेटली."

"हातून?" पाळकांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मग हात इथे ठेवून जा, मी त्याच्याशी बोलतो. तुम्ही घरी जा."

"वारा होता हो."

"वाऱ्यालाही बोलावू. अजून कोण कोण होतं?"

लांबोड्यानं घाम पुसला. म्हणाला, "मी पेटवली."

"आणि मेंढक्याचं नाव?"

"ते आपलं लोकांत झालं..." तो अडखळला. "मी होऊ दिलं. त्याचं नाव निघालं तेव्हा बरं वाटलं मला."

आता पाळकांनी हात पुसले. दोघांनी प्रार्थना केली. सुटलो असं वाटून लांबोडा उठला, तर पाळक म्हणाले, "देव क्षमा करतो, शंका नको. पण मेंढक्या आणि वहिनी काही आभाळात राहत नाहीत."

मेंढक्या पडिकात एका मेंढीचे खूर कापत होता. लांबोड्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"तूच?" मेंढक्यानं विचारलं.

"मीच."

"नक्की? माझी विडी नव्हती?"

"गवत होतं. मी पेटवलेलं."

मेंढक्या मातीत बसला. "अरे, इतके जण म्हणाले की मलाच वाटायला लागलं, आपण विझवली नसेल. विडी सोडली मी. रोज देवाकडे माफी मागतोय."

पाळकांपुढे न आलेलं रडू लांबोड्याला इथे आलं. मेंढक्यानं समजूत काढली नाही, आणि ते बरोबरच होतं. थोड्या वेळानं म्हणाला, "झालं रडून की ऊठ. वहिनीकडे जाऊ. तू बोल, मी नुसता उभा राहतो. तिच्या दारात मान वर करून उभा राहिलो नाही कधीपासून."

वहिनी रिकामा गोठा झाडत होती. तिनं झाडू न थांबवता ऐकलं, आणि शेवटाला थांबवला.

"बैल परत येतील?"

"नाही, वहिनी."

ती मेंढक्याकडे वळली. "उद्यापासून मेंढरं विहिरीवर आण. कुणी अडवलं तर मला हाक मार." लांबोड्याशी एक शब्द नाही. दिवस मावळेपर्यंत तो दारात उभा होता. जा म्हणायलाही ती बाहेर आली नाही.

पेरणीला त्यानं आपले बैल आधी तिच्या रानात घातले. तिनं नको म्हटलं नाही. दुपारी ती बादली घेऊन येते, बैलांना पाणी पाजते, त्यांच्या मानेवरून हात फिरवते आणि त्याला पाणी न विचारता परत जाते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.