दार उघडे ठेवणारा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. लाकडाला काय कळते, असे तुम्ही म्हणाल. पण जन्मभर मोठ्या माणसांच्या पायाशी पडून राहिले की नको ते सगळे कळू लागते. मला राग पूर्वीही यायचा. गेले वर्षभर मात्र रागाच्या जागी शिसारी येते. ती कुणाची आणि का, ते तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका विमान कंपनीच्या सुतारखान्यात झाला. सुताराने जाड, टणक लाकूड घेतले, एक बाजू उतरती केली, वरची सपाट ठेवली आणि पिवळा रंग फासला. माझ्यासारखाच आणखी एक ठोकळा करून त्याने आम्हा दोघांना एका दोरीने बांधले. तो माझा जुळा भाऊ. विमान येऊन उभे राहिले की चाकाच्या पुढे मी आणि मागे तो. मग ते अवाढव्य धूड जागचे हलत नसे. कौतुक वैमानिकाचे व्हायचे, आणि तेलाचे ओघळ आमच्या अंगावर यायचे.

आम्हाला चाकाशी लावायचे काम पैलवानाचे होते. सामान चढवणाऱ्या टोळीने त्याला ते नाव दिले होते. बाकीचे आम्हाला बुटाने ढकलत. पैलवान मात्र वाकायचा आणि हाताने लावायचा. एकदा सोसाट्याच्या वाऱ्यात रिकामे विमान सरकू लागले, तेव्हा मी दात रोवल्यासारखा जमिनीला धरून राहिलो. वारा पडल्यावर पैलवानाने मला थोपटले आणि म्हणाला, "शाब्बास रे ठोकळ्या!" तेवढी एक शाबासकी मला आयुष्यभर पुरली.

पैलवानाचा एक जोडीदार होता. दोघे एकाच पाळीत, एकाच डब्यातले जेवणारे. एके दिवशी सामान वर नेणारा पट्टा बंद पडला. दुरुस्तीची चिठ्ठी तीनदा वर गेली होती आणि तिन्ही वेळा वरच राहिली होती. जोडीदार तापाने फणफणला होता.

"तू बस बाजूला. मी आवरतो," पैलवान म्हणाला.

दोघांच्या वाट्याच्या पेट्या त्याने एकट्याने उचलल्या, आणि शेवटच्या पेटीला त्याची पाठ मोडली. त्यानंतर तो कधी ताठ उभा राहिला नाही.

तेव्हा युनियन पेटून उठली. अकरा दिवस एकही पेटी हलली नाही. शेवटी करारात एक कलम आले, की कामावर मोडलेल्या माणसाचा इलाज कंपनी तो जिवंत असेपर्यंत करील. त्याच वेळी युनियनने स्वतःसाठीही एक नियम लिहिला. कंपनीशी बोलणी करताना खोलीचे दार उघडे राहील, पाळी संपलेल्या कुणीही बाहेरच्या बाकावर बसून ऐकावे, आणि बंद दारामागे ठरलेले काहीही ठरले असे मानू नये.

पण त्या खोलीचे दार स्प्रिंगचे होते. सोडले की आपोआप मिटायचे. त्याच सुमारास रबरी ठोकळे आले आणि आम्हा भावांना भंगारात टाकले होते. पैलवानाची बायको विमानांच्या आतली सफाई करायची. सगळे तिला मावशी म्हणत. तिने आम्हाला भंगारातून उचलले आणि दोरी कापली. मला दाराला लावले आणि माझ्या भावाला बाकाच्या तुटक्या पायाखाली. विमान अडवणारा मी आता दार अडवू लागलो. खरे सांगतो, मला हे काम जास्त आवडले.

मित्रांनो, जमिनीवरून चेहरे दिसत नाहीत. मी माणसे बुटांवरून ओळखतो. टाचा झिजलेले जाड बूट आपल्या लोकांचे. मावशीच्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. पैलवानाचा जोडीदार पुढे युनियनचा अध्यक्ष झाला, तरी त्याचे बूट तेच होते. डाव्या बुटावर रंगाचा पिवळा डाग होता, तो माझ्याच रंगाचा.

मग कंपनीचे दिवाळे वाजले. वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांनी ते कसे वाजवले, हे त्यांनी कधी सांगितले नाही. ते कोर्टात गेले आणि म्हणाले, आम्ही बुडालो, हा जुना करार आम्हाला मोडू द्या. कोर्ट म्हणाले, आधी कामगारांशी बोला. म्हणून एके सकाळी आमच्या खोलीत चकाकणारे काळे बूट आले. त्यांच्या तळाला कुणीतरी चघळून टाकलेला चिकट गोळा लागला होता. त्यांनी तो माझ्या कडेला घासून पुसला, आणि बोलता बोलता पुसला. तो गोळा अजून माझ्या अंगावर आहे.

"सर," चकाकते बूट अध्यक्षाला म्हणाले, "तुम्ही समजूतदार माणूस आहात. बाहेर असा बाजार भरलेला असताना शहाण्या माणसांनी बोलायचं कसं?"

सर! सव्वीस वर्षांत त्याला कंपनीतल्या कुणी सर म्हटले नव्हते. त्याचे जाड बूट जागच्या जागी चुळबुळले. मग ते दाराकडे आले.

बाकावर मावशी बसली होती. "काय हो, काय झालं?" तिने विचारले.

"दहा मिनिटांचं काम आहे मावशी. कागद गोपनीय आहेत."

"हा नियम तुम्हीच आम्हाला वाचून दाखवला होता. हे दवाखान्यात पडले होते तेव्हा."

"माहीत आहे हो. दहाच मिनिटं."

आणि तो वाकला. मला वाटले होते, मला काढायला चकाकते बूट पुढे येतील. पण तो हात आपल्याच माणसाचा होता. त्याने मला लाथाडले नाही. हळूच उचलले आणि हळूच बाकाखाली ठेवले. त्या हळूपणाची मला जी किळस आली, ती तेलाची आणि चिखलाची कधी आली नव्हती.

दार मिटले. दाराखालच्या फटीतून मला कपबशांचा आवाज आला, हसणे आले आणि वरचेवर सर, सर आले. दहा मिनिटांचे दोन तास झाले.

"पण इलाजाचं कलम काढलं तर तुमचे लोक चिडतील ना, सर?" चकाकत्या बुटांनी विचारले.

"कामावर आहेत त्यांना हात लावू नका," जोडीदार म्हणाला. "घरी बसलेल्यांना आमच्याकडे मत नसतं."

मित्रांनो, ही गोष्ट परक्या माणसाला ठाऊकसुद्धा नव्हती. ती त्याला आपल्या माणसाने चहा पिता पिता सांगितली.

दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर, बाकापाशीच सभा झाली. इलाजाचे कलम आता फक्त पुढे मोडणाऱ्यांसाठी राहणार होते. आधीच मोडून घरी बसलेले बारा जण वगळले होते, आणि पैलवान त्यातला पहिला. मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "बंद दारामागे ठरलंय हे. आपल्याच नियमानं हे ठरलेलं नाही." अध्यक्षाने लगेच मत मागितले. हात वर गेले आणि माना खाली. ठराव मंजूर झाला.

मावशीने मला उचलले आणि मग बाकाखालून माझ्या भावाला ओढले. बाक कलंडला आणि त्यावर बसलेले चिटणीस आणि खजिनदार जमिनीवर आपटले. त्या वर्षात मी तेवढाच एकदा हसलो.

"हे भंगार कुठे नेता, मावशी?" कुणीतरी विचारले.

"भंगार तुमच्याकडेच ठेवून चाललेय," ती म्हणाली.

तिच्या घरी आम्हा भावांना नवे काम मिळाले. कंपनीच्या दवाखान्याने पैलवानाचे नाव खोडले होते. आठवड्याचे शेक बंद झाले आणि पाठ पुन्हा आखडली. उशाकडची बाजू उंच असली तर त्याला जरा झोप लागायची. म्हणून खाटेच्या दोन पायांखाली आम्ही दोघे गेलो. ज्याने आम्हाला वाकून लावले, त्याला आता आम्ही उचलून धरत होतो. तो कण्हला की खाट थरथरायची आणि ते माझ्या अंगात उतरायचे.

मावशी गप्प बसली नाही. बाराही घरांतल्या सह्या घेऊन तिने कोर्टात अर्ज दिला. मग एका रविवारी सकाळी दारात ते ओळखीचे बूट आले. पिवळा डाग होता, पण बुटांना पॉलिश केले होते. हातात फळांची पिशवी होती.

"कसा आहेस रे?" जोडीदाराने विचारले.

"दिसतोय तसा," पैलवान म्हणाला.

"जरा अर्जाबद्दल बोलायचं होतं." त्याचे बूट शेजाऱ्यांच्या दारांकडे वळले. "दार लोटून घेऊ का?"

"उघडं राहू दे," पैलवान म्हणाला. "बोल की. मी ऐकतोय, शेजारीही ऐकतील."

जोडीदार दारातच उभा राहिला. या पायावरचा भार त्या पायावर घेतला. वर्षानुवर्षे एका डब्यात जेवलेल्या माणसाला उघड्या दारात एक वाक्य सुचले नाही. पिशवी खाली ठेवून तो निघून गेला. मावशीने त्या फळांना हात लावला नाही. फळे तिथेच सडली, आणि तो वासही मीच सोसला.

काल कोर्टाचा निरोप आला. घरी बसलेल्यांचे ऐकल्याशिवाय करार पक्का होणार नाही, बोलणी पुन्हा करा. उद्या सकाळी त्याच खोलीत बसायचे आहे. बारा जणांच्या वतीने मावशी बोलणार आहे.

"विटा आणून लाव मला," पैलवान तिला म्हणाला. "ठोकळे घेऊन जा."

"अहो, विटा घसरतात. दारालाच लावते वीट."

"वीट कुणीही उचलतं. याला कुणी हात लावला तर सगळ्यांना कळतं. ने म्हणतो ना!"

आता त्याच्या खाटेखाली विटा आहेत आणि खाट जरा डुगडुगते. आम्ही दोघे भाऊ मावशीच्या पिशवीत बसलो आहोत. उद्या काय होईल, मला ठाऊक नाही. कलम परत येईल, किंवा पैलवान असाच कण्हत राहील.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड कसेही दिवस काढते. तुमच्यासाठी पाठ मोडून घेतलेली माणसे जपा. त्यांच्याविषयी कुणी दार लावून बोलू लागले, तर हाताला लागेल ते दारात अडकवा. आणि ते काढायला कुणी वाकले, तर दूरच्या चकाकत्या बुटांकडे बघत बसू नका. वाकलेला हात कुणाचा आहे ते बघा, आणि सगळ्यांसमोर त्याला नावाने हाक मारा.