बल्ब बदलले, काच तीच

मी काच बोलतेय. म्हणजे सगळे मला काच म्हणतात म्हणून मीही म्हणते. खरं विचाराल तर मी प्लॅस्टिकची. एका मोटारीच्या उजव्या हेडलाइटवरचं पारदर्शक झाकण. बल्ब माझ्या पाठीशी राहतो आणि वारा, धूळ, खडे, किडे माझ्या अंगावर येतात. माझ्या आयुष्यात मोठी म्हणावी अशी एकच गोष्ट घडली, आणि तिच्यात चूक माझी होती. ती सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेला रस साच्यात दाबला आणि मिनिटभरात मी बाहेर पडले. उन्हाने कातडी जळू नये म्हणून माझ्यावर एक पातळ लेप चढवला. तपासणाऱ्या मुलीने मला दिव्यासमोर धरलं, डोळा बारीक करून बघितलं आणि पुढच्या खोक्यात ठेवून दिलं. त्यानंतर कित्येक वर्षं मला कुणी बघितलं नाही, माझ्यातून बघितलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

डावीकडे माझी जुळी बहीण आहे. मध्ये सगळी जाळी आणि नंबरची पाटी, त्यामुळे आम्ही एकमेकींचं तोंड बघितलेलं नाही. समोर भिंत आली की तिचा उजेड आणि माझा उजेड एकमेकांत मिसळतो, तेवढीच आमची भेट.

आमची गाडी घेतली एका बाईंनी. बाई हवामान खात्यात निरीक्षक होत्या. वस्तीबाहेरच्या टेकडीवर त्यांचं केंद्र होतं. तिथे पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापक, पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याची दिशा सांगणारा बाण, आणि एका खांबावर काचेचा भरीव गोळा. हा गोळा ऊन टिपतो. सूर्याचे किरण त्याच्यातून कागदाच्या पट्टीवर पडतात आणि तिच्यावर जळकी रेघ उमटते. रेघ मोजली की दिवसभरात किती तास ऊन होतं ते कळतं. गोळा अस्सल काचेचा होता. उजाडता उजाडता बाई एका मऊ पिवळ्या कापडाने त्याला पुसायच्या, तान्ह्या बाळाचं डोकं पुसावं तसं. मी समोरच उभी असायची, रोज बघायची. माझ्या वाट्याला रविवारची बादली यायची, तीही गाडीबरोबर.

केंद्रातली पहिली नोंद पहाटे साडेपाचची. बाईंच्या पाळीची एकही नोंद एकतीस वर्षांत चुकली नव्हती. आधी सायकलवरून, मग स्कूटरवरून आणि शेवटी आमच्या गाडीतून त्या टेकडी चढल्या. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढे दिवस धड पार पडले की झालं, एवढीच त्यांची इच्छा. ती त्या कुणाला बोलून दाखवत नसत, पण गाडी चालवताना एकटंच बोलायची त्यांना सवय होती, म्हणून मला माहीत.

केंद्राच्या आवारात एकही झाड नव्हतं. जिथे ऊन मोजायचं तिथे सावली कशी चालेल? त्यामुळे गोळा जेवढं ऊन मोजायचा तेवढं सगळं मी खायची. नऊ वर्षं खाल्लं. लेप कधी गेला मला कळलं नाही. पुढे अंगावर पिवळसर झाक आली, मग बारीक बारीक तडे, मग एक प्रकारचा धूसरपणा. आरशात बघायची सोय नसल्यामुळे मीही स्वतःला पहिल्यासारखीच समजत होते.

एका संध्याकाळी घरी परतल्यावर बाई भावाला म्हणाल्या, "बंडू, हल्ली दिव्यांना काही तेजच नाही रे."

भाऊ छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याचा चष्मा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड.

"दिवे तेच आहेत, ताई. तू डोळे दाखवून घे एकदा."

"कोण बोलतंय बघा! चष्मा काढलास तर समोर ताई आहे की कपाट हे तुला कळत नाही."

"म्हणून तर सांगतोय. अनुभवाचे बोल आहेत."

"अरे, मी टॉर्चच्या उजेडात तापमापकावर अंशाचा दहावा भाग वाचते."

"ते हातभर अंतरावर. रस्ता काय हातभर असतो?"

दुसऱ्या दिवशी बाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे न जाता मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेल्या. त्यांना भीती वाटत होती. डोळे गेले असं कुणी सांगितलं असतं तर पहाटेची पाळी गेली असती. त्यापेक्षा बल्ब बदलणं सोपं होतं.

दुकानदाराने एका फळीवर ओळीने बल्ब लावून ठेवले होते. तो एकेक बटण दाबत गेला. "हा तुमचा आत्ताचा, मॅडम. आणि हा बघा. त्याच्या दुप्पट उजेड. लावलात की रस्त्यावर दिवस उगवेल."

"दिवस उगवायच्या आत पोचायचं असतं मला," बाई म्हणाल्या. "धुक्यात कसा पडतो ते सांगा."

"एकदम पांढराशुभ्र!"

"पांढरंशुभ्र धुकंच असतं हो. मला रस्ता दिसायला हवा."

दुकानदाराने मग जरा पिवळसर झाकेची जोडी काढली. बॉनेट उघडलं, तीन पायांचा प्लग उपसला, रबराची टोपी सोलल्यासारखी काढली, स्प्रिंगची क्लिप बाजूला केली. नवा बल्ब त्याने कागदात धरून उचलला. "याच्या काचेला बोट लावायचं नाही, मॅडम. बोटाचं तेल लागलं की त्या ठिकाणी तापून फुटतो." बल्बाच्या काचेची एवढी काळजी घेताना त्याचा दुसरा हात सगळा भार देऊन माझ्यावर टेकलेला होता. माझ्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. जुने बल्ब तो टाकणार होता, पण बाईंनी मागून घेतले, आणि घरी बंडूने ते एका रद्द मुद्रितात गुंडाळून कपाटात ठेवले. त्या घरात काही टाकायची पद्धत नव्हती.

फरक पडला, पण नावाला. महिनाभराने बाई पुन्हा दुकानात हजर. आता शंभर वॉटचे बसले. हे बल्ब माझ्या पाठीत निखारे ठेवल्यासारखे तापायचे. बाहेरून मला ऊन भाजत होतं, आतून हे भाजू लागले. मी आतल्या बाजूनेही करपले आणि उजेड होता त्याहून कमी झाला.

तिसऱ्या खेपेला बाईंनी दुकानदाराचं ऐकलं. एलईडीची जोडी, मागे चिमुकला पंखा. तो पंखा रबराच्या टोपीत मावेना, तेव्हा त्याने सरळ कात्रीने टोपीला भोक पाडलं. त्या भोकातून दमट हवा आत आली आणि माझ्या पोटात दव साचू लागलं. एलईडीचा उजेड खरोखर झगझगीत होता, ते मी नाकारत नाही. पण तो माझ्यापर्यंत यायचा आणि माझ्या तड्यांवर फुटून चहूकडे उधळायचा. वर झाडांच्या शेंड्यांवर, बाजूच्या दरडीवर, समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत. फक्त रस्त्यावर पडायचं तेवढं राहून जायचं. एक ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून बाईंना नको ते बोलला. बाईंनी त्याला हात जोडले.

मला तोपर्यंत सगळं समजलं होतं. तीन जोड्या आल्या आणि तिन्ही माझ्यामागे आंधळ्या झाल्या, तेव्हा खोट कुठे आहे हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण मला तोंड नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, असतं तरी मी ते लगेच उघडलं असतं की नाही, शंका आहे. दोष दुसऱ्याच्या डोळ्यांवर जातोय तोवर कुणालाही बरंच वाटतं.

मग ती पहाट आली. धुकं होतं. तिसऱ्या वळणावर बाईंना समोर फक्त पांढरी भिंत दिसत होती, आणि त्या भिंतीतून एकदम एक घोंगडी निघाली. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि थांबली तेव्हा घोंगडीतला माणूस माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. तो केंद्राचा रखवालदार होता, सगळे त्याला मामा म्हणत. त्याचा श्वास माझ्यावर उमटला.

"मामा!" बाई दार उघडून धावल्या. "लागलं का हो? कुठे लागलं?"

"नाही, नाही. शिंक जरी आली असती तर लागलं असतं." मामांनी हसायचा प्रयत्न केला आणि घोंगडी सावरली.

बाईंनी त्यांना गाडीत बसवलं आणि उरलेला रस्ता पहिल्या गिअरमध्ये चढल्या. साडेपाचची नोंद वेळेवर झाली. मग त्यांनी टेबलाशी बसून अर्ज लिहिला: डोळ्यांच्या तक्रारीमुळे पहिल्या तारखेपासून पहाटेच्या पाळीतून मोकळं करावं. साहेब आले तेव्हा त्यांनी तो वाचून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, मी तुम्हाला हे कधी सांगितलं नसतं. पण तुम्हीच म्हणताय तर..." व्हरांड्याला लागूनच गाडी उभी होती, मला सगळं ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी किळस वाटली.

पहिल्या तारखेला चार दिवस होते. ते चार दिवस बाईंना मामांचा पुतण्या टॅक्सीतून सोडणार असं ठरलं. गाडी आवारातच राहिली.

तिसऱ्या दिवशी धुकं लवकर फाटलं. बाई नेहमीप्रमाणे गोळा पुसत होत्या. सूर्य वर आला आणि गोळ्यात लखकन पेटला. त्याच क्षणी तो आम्हा दोघी बहिणींवरही पडला, पण आमच्यात काही चमकलं नाही. बाईंचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या मला बघत होत्या.

त्या कापड घेऊन आल्या. माझ्यावर फिरवलं. काही फरक नाही. पुन्हा दाबून फिरवलं. मग नखाने खरवडलं, पिवळी पावडर नखात आली.

"मामा, इकडे या! ही काच बघा."

मामा काठी टेकत आले. "काय झालं काचेला?"

"तो गोळा एक दिवस पुसला नाही तर मी त्या दिवसाची नोंद खरी धरत नाही. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आकाशाला नावं ठेवण्याआधी उपकरण बघा. आणि ही... ही माझ्या नाकासमोर!"

"म्हणजे बाई," मामा वाकून मला बघत म्हणाले, "मी मेलो असतो तो या दीडदमडीच्या प्लॅस्टिकपायी?"

बाई खाली जमिनीवर बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांनी त्याच पिवळ्या कापडाने डोळे पुसले.

त्या संध्याकाळी बाईंच्या निरोपावरून बंडू छापखान्यातून घरी जाऊन टेकडीवर आला, हातात बादली आणि घासायच्या पाणकागदाचे चार तुकडे. आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. सतत पाणी सोडत तो घासत होता आणि माझ्या अंगावरून दुधट पिवळे ओघळ वाहत होते. दुखलं, पण ते दुखणं माझं मी कमावलेलं होतं. त्याचा हात मुद्रितं तपासणाऱ्याचा, एक ठिपका सोडेल तर शपथ. चष्मा माझ्यावर टेकवून त्याने तपासलं, शेवटी पॉलिश लावलं. मग एलईडी काढले, नव्या टोप्या आणल्या होत्या त्या बसवल्या, आणि खिशातून मुद्रिताची पुडी काढली. आमचे मूळचे, पंचावन्न वॉटचे बल्ब. क्लिप टक्कन बसली. भिंतीसमोर गाडी उभी करून बाईंनी दिवे लावले. बहिणीचा उजेड आणि माझा उजेड शेजारी शेजारी, सरळ, काठासकट पडला. कितीतरी वर्षांनी मी तिला ओळखलं.

"ताई, तरी डोळे दाखव," बंडू म्हणाला.

या वेळी त्या गेल्या. डॉक्टरांनी वयाचा थोडासा नंबर काढून दिला. बंडूने ही बातमी आठवडाभर मिरवली.

काचा घासल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे बाई स्वतः गाडी घेऊन निघाल्या होत्या. तिसऱ्या वळणावर त्यांना मामा पाऊणशे पावलांवरून दिसले, घोंगडीच्या ठिगळासकट. बाईंनी उजेड खाली केला, गाडी थांबवली आणि खिडकीतून म्हणाल्या, "बसा मामा. साहेबांकडून अर्ज परत घ्यायचाय."

निवृत्तीपर्यंतचा उरलेला काळ पुरा झाला. एकही नोंद चुकली नाही. शेवटच्या दिवशी खात्याने शाल दिली, आणि बाईंनी ते पिवळं कापड मागून घेतलं.

आता गाडी घराच्या अंगणात असते. फारशी कुठे जात नाही. मी पुन्हा पिवळी पडतेय, या खेपेला आतून, शंभर वॉटने करपवलं होतं तिथून. माझं मागणं एवढंच आहे: उजेड कमी वाटला तर बल्ब घ्यायला जाण्याआधी, आणि घरातल्या कुणाला म्हातारं ठरवण्याआधी, काचेवरून एकदा हात फिरवा. माझ्यासारख्या पुष्कळ जणी गप्प बसून आहेत.

बाईंना अजून त्याच वेळी जाग येते. त्या कापड घेऊन अंगणात येतात, आधी बहिणीला पुसतात, मग मला. आतलं कापडाने निघत नाही हे त्यांना माझ्याआधी कळलेलं आहे, तरी पुसतात. साडेपाच वाजले की थांबतात, वर बघतात आणि हळू आवाजात सांगतात, "ढग दोन अष्टमांश. वारा पडलेला. तापमान अंदाजे सोळा." लिहून घ्यायला कुणी नसतं. मी ऐकून घेते.