निळे ठिपके

अनितानं चिमट्यानं पान उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवेपणा पार निघून गेला होता. पांढऱ्याफटक पानावर निळे ठिपके तेवढे राहिले होते. गोल, सुटे, वरून शिंपडल्यासारखे.

बारामतीच्या या प्रयोगशाळेत ती सहा वर्षं लोकांची पानं तपासत होती. जिवंत पेशी हा निळा रंग आत घेत नाही. मेलेल्या पेशीत मात्र तो शिरतो आणि तिथंच बसतो. रंगाला कुणाची भीडमुर्वत नसते. आजची पानं मात्र तिच्या घरची होती, आणि ती तिनं स्वतःच्या शेडनेटच्या जाळीखालून चोरासारखा हात घालून खुडली होती.

कऱ्हाटीतलं ते शेडनेट तिच्या हट्टानं उभं राहिलं होतं. ढबू मिरचीचं एकेक रोप तिनं हातानं लावलं होतं. मंगळवारी सकाळी पहिल्या चार ओळींनी माना टाकल्या, आणि तिच्या सासऱ्यांना, अप्पांना, कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रविवारी अनिता पाळीच्या अडचणीत असताना आत गेली होती. सासूबाईंनी, ठमाबाईंनी, ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि सांगितलंही होतं. झालं. अप्पांनी दाराला कुलूप घालून किल्ली बंडीच्या खिशात टाकली. यापुढं सुनेनं मिरचीत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं. तिचा नवरा दीपक मोबाइलमधून मानही वर करीना. अनिताच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि दोन दिवसांनंतरही राग शमला नव्हता.

ठिपक्यांचं पान पहिल्या ओळीचं होतं. मग तिनं पाचव्या ओळीचं पान स्पिरिटमधून काढलं. त्यावर एकही ठिपका नव्हता. सहाव्या ओळीचंही कोरं. रविवारी ती तर शेवटच्या ओळीपर्यंत गेली होती.

मग तिला पंप आठवला. शनिवारी दीपकनं उसाच्या बांधावर तणनाशक मारलं होतं, आणि रविवारी दुपारी तोच पंप पाठीला लावून अप्पांनी मिरचीवर कोळी किडीचं औषध फवारलं होतं. एका भरलेल्या पंपात बरोबर चार ओळी होतात.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा अप्पा ओट्यावर चहा पीत होते. पायरीवर दीपक होता आणि दाराशी ठमाबाई मेथी निवडत होत्या. अनितानं चपला न काढताच तपासलेल्या पानांची काचेची बशी अप्पांपुढं ठेवली.

"अप्पा, मिरचीवर मारायच्या आधी पंप धुतला हुता का?"

"खंगाळला की. तांब्याभर पाणी घालून."

तांब्याभर पाण्यानं तणनाशक जात नसतं, हे तिनं सांगितलं. ठिपका म्हणजे औषधाचा थेंब पडून मेलेली जागा, हेही सांगितलं. पहिल्या पंपाच्या चार ओळी आणि त्यापुढची कोरी पानं तिनं शेजारी शेजारी मांडून दाखवली. तिचा आवाज चढत गेला आणि तिनं तो चढू दिला. दीपक उठून गोठ्याकडं जायला निघाला, तेव्हा तिनं त्याला नावानं हाक मारून खाली बसवलं.

अप्पांनी बशीकडं पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"तणनाशकानं जळलंबी असंल. पण तू आत गेलीस, हे बी खोटं न्हाय."

"पाचव्या वळीतबी गेलते मी. ती का न्हाय जळली?"

अप्पांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला.

ठमाबाईंनी मेथी बाजूला सारली. हात पदराला पुसून त्यांनी बशी उचलली आणि डोळ्यांजवळ नेली.

"अनिता, जुन्या वाळल्या पानावर येतो का गं ह्यो रंग?"

"न्हाय आत्या. ताजं पान लागतं."

ठमाबाईंनी मान हलवली. त्या लग्न होऊन आल्या त्याच साली घरचा विड्याच्या पानांचा मळा, पानमळा, जळाला होता, एवढं अनिताला ऐकून माहीत होतं. जळाला कुणामुळं, हे तेव्हाच ठरलं होतं. तेव्हापासून पाळी जाईपर्यंत, महिन्यातले चार दिवस ठमाबाई गोठ्यात निजायच्या. पुढं पाळी गेली, तरी घरच्या शेतात त्यांनी कधी पाय ठेवला नाही.

त्या अप्पांकडं वळल्या. एवढ्या वर्षांत त्यांना नवऱ्याशी असं समोरासमोर बोलताना अनितानं पाहिलं नव्हतं.

"पानमळ्यावर औषिद मारलंवतं, तवा पंप उसातनंच आणलावता न्हवं तुमी?"

अप्पांनी कपाकडं पाहिलं. कप रिकामा होता, तरी त्यांनी तो तोंडाला लावला.

ठमाबाईंनी हात पुढं केला आणि किल्ली हातात पडेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. ती त्यांनी अनिताला दिली नाही. बशी ओट्यावर ठेवून, अनवाणीच, त्या शेडनेटच्या वाटेला लागल्या.