काळे खडे आणि माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. राग मानू नका. बसणाऱ्यांचा मला फार मोठा अनुभव आहे.

माझा जन्म ऑकलंडच्या एका कारखान्यात झाला. पाइनच्या लाकडाचा सांगाडा, चोवीस स्प्रिंगा आणि वर निळं कापड. माझे तीन पाय सुतारानं मन लावून बसवले. चौथा बसवताना त्यानं घड्याळाकडे पाहिलं, कारण जेवणाची सुट्टी होत आली होती. तेव्हापासून माझा चौथा पाय डळमळीत आहे, आणि माणसजातीबद्दलचं माझं मतही.

पहिली नऊ वर्षं मी घटस्फोटाच्या एका वकिलाकडे नोकरी केली. दोन माणसं माझ्यावर शेजारी शेजारी बसत आणि मधली जागा दर खेपेला वाढत जाई. माणसं तोंडानं बोलतात त्यापेक्षा खिशांनी जास्त खरं बोलतात, हे मी तिथं शिकलो. खिशातून जे निसटतं ते माझ्या फटीत जातं. मी ते परत देत नाही. पुरावा म्हणून ठेवतो.

पुढे वकिलानं दालन बदललं. तिथं झाडलोट करणाऱ्या एका टोंगन गृहस्थानं मला मागून घेतलं आणि घरी पाठवायच्या कंटेनरमध्ये, पिठाची पिंपं आणि दोन सायकलींच्या मधे कोंबून, टोंगाच्या राजधानीला, नुकुअलोफाला धाडलं. त्याच्या घरात सगळे चटईवर बसत. माझ्यावर फक्त धुतलेले कपडे बसत. वर्षभरानं त्यांनी मला चर्चच्या सभागृहाला दान दिलं. पाद्रीसाहेबांच्या पत्नी मला पाहून म्हणाल्या, "किती ऐटदार आहे." मला लगेच संशय आला. तो खरा निघाला. दुसऱ्या दिवशी त्या चार मैत्रिणींना घेऊन बसल्या.

मग सभागृहाच्या बाजूच्या खोलीत नवरा-बायकोंना सल्ला देणारं केंद्र उघडलं आणि माझा जुना धंदा पुन्हा सुरू झाला. फरक इतकाच, की इथं माणसं तोडायची नव्हती, जोडायची होती. असं निदान सांगितलं गेलं होतं.

केंद्र चालवत लेसिएली बाई. आईबाप टोंगाचे, पण वाढल्या ब्रिस्बेनला आणि मनाचं शास्त्रही तिथंच शिकल्या. बाई मनानं चांगल्या होत्या. येताना त्यांनी एक जाडजूड फाईल आणली होती. दुसऱ्यांच्या रीतिरिवाजांची जाणीव कशी ठेवावी, हे तिच्यात दोनशे चाळीस पानांत सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या चौथ्या पायाला वाळवी लागली. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि ती फाईल पायाखाली सरकवली. उंची अगदी बरोबर बसली. त्यानंतर फाईल वाचायची तर मला उचलावं लागे, म्हणून कुणी वाचली नाही.

त्यातलं एक पान मात्र बाईंना पाठ होतं. आलेल्या जोडप्याला परकं वाटू नये म्हणून खोलीत त्यांच्याच समाजातली एक बाई असावी. म्हणून त्यांनी हापाइच्या बेटांवरून आलेली अकानेसी नावाची मुलगी कामाला ठेवली. ती कोपऱ्यात बसून टिपणं लिही आणि चहा करी.

मार्च महिन्यात फेलेती आणि सेइनी आले. फेलेती बंदरावर होड्या दुरुस्त करायचा. खांदे दाराएवढे. मोठ्यांकडे जाताना टोंगात कमरेला आदराची चटई गुंडाळतात, तशी नीट गुंडाळून आला होता. सेइनी शाळेत शिकवायची. तिनं बसल्या बसल्या आपली पिशवी दोघांच्या मधे ठेवली. नऊ वर्षांच्या नोकरीत मी अशा पिशव्या पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांचा शेवट मला ठाऊक होता.

बाईंच्या कागदावर एक ओळ होती. आठ महिन्यांपूर्वी त्यांची मुलगी जन्मतःच गेली. पुढचं सेइनीनं सांगितलं.

"हा रोज संध्याकाळी जातो. दोन तासांनी येतो. कुठं गेला होतास विचारलं की म्हणतो, इथंच. आमच्या गावात 'इथंच' म्हणजे सतरा घरं आणि एक दुकान. मी सगळीकडे विचारून आले. माझी बहीण ऑकलंडला आहे. पंधरा दिवसांनी शुक्रवारच्या विमानानं मी तिच्याकडे जातेय. परत यायचं तिकीट काढलेलं नाही."

"फेलेती, तुम्हाला काय सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

फेलेतीनं जमिनीकडे पाहिलं. कोपऱ्यात अकानेसीनं वहीत डोकं खुपसलं.

"जिच्याकडे जातोस तिचं नाव तरी सांग," सेइनी म्हणाली. "मी काही तिचे केस उपटणार नाही. शिक्षिका आहे मी. फार तर हजेरी घेईन."

फेलेती गप्प. मित्रांनो, तो नुसता गप्प नव्हता. त्याची पाठ माझ्या पाठीला टेकलेली नव्हती. पूर्ण तासभर तो माझ्या कडेवर असा बसला, की माझ्या चोवीसपैकी सहाच स्प्रिंगांवर सगळा भार. निरपराध माणूस असा बसत नाही.

दोघं गेल्यावर बाई अकानेसीला म्हणाल्या, "संसार मोडण्याची चार लक्षणं शास्त्रात सांगितली आहेत. टोमणे, तिरस्कार, आपलंच खरं करणं, आणि चौथं म्हणजे भिंतीसारखं गप्प बसणं. चौथं सगळ्यात वाईट."

"बाई," अकानेसी हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी मी बाहेर बसले तर? कपाट आवरायचंय."

"कपाट कुठं पळतंय? तुझी इथं गरज आहे. तू आहेस म्हणून त्यांना घरचं वाटतं."

अकानेसीनं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या संशयानं कान टवकारले.

दुसऱ्या बैठकीत बाईंनी वेगळं शास्त्र काढलं. लहानपणी जो आईला घट्ट चिकटून असतो तो मोठेपणी बायकोशी कसा वागतो, आणि जो नसतो तो कसा पळतो. "तुम्ही आईला बिलगायचात का?" त्यांनी विचारलं. फेलेतीनं हो म्हणायला मान वर केली. तेवढ्यात अकानेसी चहा घेऊन पुढं आली. त्यानं मान अशी खाली टाकली, जशी दोरी तुटल्यावर बादली विहिरीत जाते. तिनंही कप बशीत न ठेवता जमिनीवरच ठेवला आणि मागे न बघता गेली.

मग मी दोन आणि दोन चार केले. ही मुलगी आली की हा घामाघूम होतो. हा आला की हिला कपाटं आठवतात. रोज संध्याकाळचे दोन तास. मी मनात निकाल लावून टाकला. आणि पुरावाही होता. तो उठून गेल्यावर माझ्या फटीत दर वेळी सात-आठ खडे सापडत. शेंगदाण्याएवढे, काळे, गुळगुळीत. म्हणजे समुद्रकाठ. म्हणजे तिन्हीसांजेचा समुद्रकाठ. मला आणखी काय सांगायला हवं?

सेइनीचा संशय वेगळाच होता. बाहेर पडताना ती दारात नवऱ्याला म्हणाली ते मी ऐकलं. "तुला गप्प बसायला बरं निमित्त मिळालंय. त्या बाईनं मुद्दाम तिला तिथं बसवलंय. तुझ्या बाजूची आहे ती." तो म्हणाला, "हळू बोल." मला वाटलं, पाहा, पकडला गेला.

तिसरी बैठक गुरुवारी झाली. विमान शुक्रवारी होतं. सेइनीची पिशवी आज मोठी होती.

बाईंनाही रात्रभर झोप लागली नसावी. त्यांचे डोळे सुजले होते. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी शास्त्रातली सगळ्यात भारी गोष्ट बाहेर काढली.

"एकमेकांचे हात धरा," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत बघा. आणि फेलेती, तुम्ही सांगा, नवरा-बायको म्हणून तुम्ही शेवटचे जवळ कधी आला होतात? लाजू नका. अकानेसी, हे नीट लिहून घे."

फेलेती उठला. उठला म्हणणं बरोबर नाही. चटका बसल्यासारखा उडाला आणि दाराकडे निघाला. त्याच वेळी अकानेसीही वही टाकून दाराकडे धावली. एकाच दारात दोघं येणार असं दिसताच तो गर्रकन मागे वळला आणि होता नव्हता तेवढा सगळा भार घेऊन माझ्यावर बसला, चौथ्या पायाच्या बाजूला.

पाय मोडला. मी कलंडलो. सेइनी, पिशवी, फेलेती, सगळे चटईवर आले, आणि त्यांच्याबरोबर माझ्या फटीतला सगळा संग्रह. दोन बटणं, एक कंगवा, कुणाचा तरी दात आणि बावीस काळे खडे.

अकानेसी दारातच थांबली होती, भिंतीकडे तोंड करून. ती म्हणाली, "बाई, मी आता जाते. नोकरीवरून काढलंत तरी जाते. तो माझा भाऊ आहे."

"भाऊ?" बाई म्हणाल्या. "आडनाव तर वेगळं आहे."

"माझी आई आणि त्याची आई सख्ख्या बहिणी. म्हणजे भाऊच की. आमच्यात बहिणीसमोर कुणी बायकोच्या बाळंतपणाचं बोलतं का? आम्ही एका खोलीत बसून साधा सिनेमासुद्धा बघत नाही."

"अगं, मग पहिल्याच दिवशी सांगायचंस."

"हे सांगायचं म्हणजे काय बोलायचं चाललंय ते मला कळतंय, असं त्याच्यासमोर कबूल करायचं. तेच तर करता येत नाही. आणि तुम्ही टोंगन. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल आणि यात काहीतरी शास्त्र असेल."

ती गेली. बाई खुर्चीवरून उतरल्या आणि चटईवर बसल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या मते त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला उपाय होता.

सेइनी खडे बघत होती. तिनं एक उचलला.

"हे तुझ्या खिशातले?"

हे खडे तोफुआच्या ज्वालामुखीच्या बेटावरून होडीनं येतात आणि इथं टोंगात ते एकाच कामाला लागतात. मला, ऑकलंडच्या सोफ्याला, ते ठाऊक नव्हतं. सेइनीला होतं. ते कबरीवर पसरतात.

फेलेती बोलला. दारातलं ते 'हळू बोल' सोडलं, तर तीन बैठकींत मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज फार लहान होता.

"पावसानं पांढरी वाळू वाहून जाते. म्हणून कडेनं खडे लावतोय. एकेक धुऊन लावतो."

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी काम करत नाहीत ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस, घरात तिचा विषय काढायचा नाही."

"घरात म्हटलं होतं," सेइनी म्हणाली. मग ती हातातला खडा पुसत राहिली. "मी एकदाही गेले नाही तिथं. मला वाटलं, मुलगी माझ्यामुळे गेली म्हणून तू मला बघू शकत नाहीस."

"वेडी आहेस का?" फेलेती म्हणाला. "मला वाटलं, तू मला बघू शकत नाहीस. त्या दिवशी होडी घेऊन मीच लांब गेलो होतो."

"जिच्याकडे जातोस तिचं नाव विचारत होते मी," सेइनी म्हणाली. "तूच ठेवलं होतंस. लुपे."

दोघांनी मिळून खडे गोळा केले. बाईंनीही चार शोधून दिले. मला कुणी उचललं नाही, आणि तक्रार करायची माझीही इच्छा नव्हती. दोन आठवडे मी त्या माणसाची बदनामी मनातल्या मनात करत होतो. चोवीस स्प्रिंगा असून मला शरम कुठं लपवावी ते कळेना.

शुक्रवारी मला ओसरीवर काढून ठेवलं. दुपारी विमान डोक्यावरून गेलं. आत कोण आहे ते मला दिसलं नाही. मी वाईट तेच धरून चाललो. सवय आहे.

शनिवारी फेलेती हातोडी आणि लाकडाचा एक ठोकळा घेऊन आला. खिळे सेइनीच्या हातात होते.

"विमानाचं काय झालं?" लेसिएली बाईंनी विचारलं.

"गेलं," सेइनी म्हणाली. "अगदी वेळेवर गेलं."

फेलेतीनं मला नवा पाय बसवला. त्यानं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. पायाखालून सुटलेली फाईल बाई तिथंच ओसरीवर बसून वाचू लागल्या. बाराव्या पानावर लिहिलं होतं, पहिल्या भेटीतच विचारून घ्यावं, खोलीतलं कोण कुणाचं काय लागतं. त्या पानावर मी दोन वर्षं उभा होतो. आता अकानेसी फक्त बायका एकट्या आल्या की खोलीत बसते, आणि नवं जोडपं आलं की बाई शास्त्राआधी आजोळ विचारतात.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. जुन्या सोफ्याचा पाय हलू लागला, तर त्याच्याखाली हाताला येईल ते सरकवू नका, नीट दुरुस्त करा. आणि गप्प माणसावर संशय घेण्याआधी खोलीत आणखी कोण बसलंय ते एकदा बघा. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. हा माझा गुन्हा आहे, कबूल करतो.

त्या दिवशी जाण्याआधी दोघं माझ्यावर बसले, नवा पाय तपासायला म्हणून. पाय एका क्षणात तपासून झाला. ते बराच वेळ बसले. पिशवी खाली जमिनीवर होती. उठून गेल्यावर माझ्या फटीत एक काळा खडा होता. फेलेतीचा खिसा सेइनीनं परवाच शिवला होता, हे मी तिच्या तोंडून ऐकलं होतं. त्यामुळे तो खडा आपोआप पडला, यावर माझा विश्वास नाही. तो तिनं मुद्दाम ठेवला, असा माझा दाट संशय आहे.

मी तो अजून परत दिलेला नाही.